एक जरी तुंबडी लागली तर

तुंबडीकाकूंचा हात गेला, अशी आवई त्यांच्या दिराने उठवली होती. त्याला पुढची खोली हवी होती, नळाचं सामान ठेवायला! काकूंचे काचेचे पेले, कापसाचे बोळे, स्पिरिटची बाटली आणि लांबोडकं बाकडं हलवलं की खोली रिकामीच. पण त्या बाकड्यावर लोकांच्या दुखऱ्या अंगाला तुंबड्या लावूनच तीस वर्षं काकूंचं घर चाललं होतं. नवरा गेला तेव्हाही पंधरा दिवसांत त्या तिथेच उभ्या होत्या. खोली सोडा म्हणे! चेष्टा आहे का?

खरं सांगायचं तर हल्ली उजवा हात थोडा थरथरायचा. काकूंना ते ठाऊक होतं आणि दिराला ते दिसलं होतं.

"वहिनी, आज माझ्याच पाठीवर लावा," सकाळी दार ढकलून तो आत आला. "डावा खांदा पहाटेपासून ओढतोय. एक जरी तुंबडी धड लागली, तर पुन्हा खोलीचं नाव काढणार नाही. नाही लागली, तर गाशा गुंडाळायचा. कबूल?"

"कबूल. आधी शर्ट काढा भाऊजी, तोंड नंतर चालवा."

"जन्मभर लोकांना तुंबड्या लावल्यात, पण स्वतःची तुंबडी भरायला काही जमलं नाही तुम्हाला," पालथा पडता पडता तो म्हणाला. या विनोदावर एरवी तो स्वतःच खदखदून हसायचा. आज हसला नाही.

काकूंनी बोळा पेटवला, पेल्यात फिरवून बाहेर काढला आणि पेला खांद्यावर दाबला. आतली हवा तापते, मग निवताना कातडी वर ओढली जाते आणि पेला घट्ट बसतो. एवढंच त्यातलं गुपित. पण पेला बसलाच नाही, घसरून बाकड्यावर आला. दुसराही तसाच.

"काय हो, जमेना का?" दिराचा आवाज बारीक झाला होता.

"गप्प पडा."

आता त्या इरेला पेटल्या. फडक्याने पाठ खसाखसा पुसली, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तिसरा पेला लावला. तोही निसटला. अरे देवा, खरंच गेला की काय हात? त्यांनी बाही वर सारली, चौथा पेला तापवला आणि सरळ स्वतःच्या डाव्या दंडावर ठेवला. पेल्याने कातडी गपकन धरली. ओढून पाहिला, तर हलेना.

म्हणजे हाताला काही झालेलं नव्हतं. मग या पाठीला काय झालंय? त्यांनी तळवा टेकवला. आत्ता पुसलेली पाठ पुन्हा ओलीचिंब होती, डोक्यावर पंखा फिरत होता आणि घाम बर्फासारखा गार होता.

"उठा भाऊजी, दवाखान्यात चला."

"हरलात म्हणून पळताय?"

"हरले तर हरले! खोली घ्या, त्यात नळ ठेवा नाहीतर नाचा. मी आता एकही तुंबडी लावणार नाही."

समोरच्या गाडीवाल्याला हाक मारून, दिराच्या काखेत हात घालून त्यांनी त्याला गाडीत बसवलं. हृदयाचा झटका आहे, वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. तासाभराने नर्सने विचारलं, "काकू, तुमच्या दंडावर हे काय?" तेव्हा कुठे त्यांना चौथा पेला आठवला.

तिसऱ्या दिवशी दीर उशीला टेकून बसला होता.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "पण माझ्या पाठीवर एकही लागली नाही हं."

काकूंनी बाही वर केली. दंडावर काळानिळा, वाटोळा वळ उठला होता.

"एक जरी धड लागली तर, असं म्हणाला होतात. ही घ्या."

दीर तो वळ बघायला पुढे झुकला. मग त्याचे डोळे भरून आले.

"दुखतं का हो?"

"दुखतं तर," काकू उठल्या आणि त्यांनी बाही खाली ओढली. "येते मी. खोली उघडायची आहे."