साडेसातची दुसरी हजेरी

माझे वडील लॉरेन्स फर्माक रेल्वेत सिग्नल दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर ते घराच्या मागच्या खोलीत, रेडिओसमोर राहायला गेले, असं आई म्हणायची. रोज सकाळी सातला ते दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या क्रॅडॉक गावाहून हजेरी घेत. कारूच्या कोरड्या पठारावर विखुरलेले हौशी रेडिओवाले एकेक करून आपली खूण, म्हणजे कॉल-साइन, सांगत, पाऊस झाला का, गुडघा काय म्हणतो, मेंढ्यांची कातरणी उरकली का, एवढं बोलून आपापल्या कामाला लागत. आई गेल्यावर पा, वडिलांना मी पा म्हणते, त्या हजेरीसाठीच उठत असत. आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, कॉफी, आणि मग माईक.

पण माणसं गळत चालली होती. फ्रेझरबर्गच्या शेतावरची रिएट, आवाज बारीक पण कधी खाडा नाही, ती गप्प झाली. मग स्टाइन्सबर्गचे दोघे भाऊ, मग ग्राफ-रिनेटचा मास्तर. प्रत्येकाचं कारण पांना थूनिस लोम्बार्डकडून कळायचं. थूनिस हॉफमेयर गावचा, पांचा चाळीस वर्षांचा दोस्त; माझ्या बाप्तिस्म्याला मला त्यानेच हातात धरलं होतं. मी त्याला ऊम थूनिस, थूनिसकाका, म्हणायची. रिएटचा सेट विजेच्या कडकडाटात जळाला असं त्याने सांगितलं, तेव्हा पांनी आपला जादा सेट उघडून, साफ करून, तिला पोचवायला त्याच्याच हाती दिला. तरी रिएट आली नाही. ती आता थकली, असं थूनिस म्हणाला.

ईस्टरच्या सुट्टीत मी केपटाउनहून घरी आले तेव्हा हजेरीला चारच आवाज उरले होते. पा म्हणाले, "आमचा खेळ संपत आला, इल्से. पोरं मोबाईलवर आणि म्हातारे कबरीत."

त्यांचं मन रमावं म्हणून मी एक सॉफ्टवेअरवाला रेडिओ आणला होता. काडेपेटीएवढी डबी लॅपटॉपला लावायची, बाकी सगळं पडद्यावर. पांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"याला बटण कुठाय?"

"पडद्यावर, पा."

"मग रेडिओ कुठाय?"

"तोही पडद्यावरच."

"म्हणजे तू मला रेडिओचा फोटो आणलायस," ते म्हणाले, पण खुर्ची जवळ ओढून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरी आटोपली, सेट बंद केला, आणि बेस्कुट, आमच्याकडचा कडक टोस्ट, कॉफीत बुडवत पडद्याकडे बघत बसले. पांचा जुना सेट एका वेळी एकाच जागी, एकाच फ्रिक्वेन्सीवर ऐकायचा. इथे अख्खा बँड एकदम दिसत होता, आणि जो कोणी बोलेल त्याची उजळ रेघ वरून खाली वाहत होती. साडेसात वाजले आणि पांच्या जागेपासून थोडं वर रेघाच रेघा उमटायला लागल्या, एक थांबली की दुसरी. मी तिथे बोट ठेवलं.

पहिला आवाज रिएटचा होता.

पांनी बेस्कुट खाली ठेवलं. "रिएट! अगं, ही परत आली! इल्से, ऐक, तिचा सेट चालू झाला!" ते खरोखर माईककडे वळले. मागोमाग स्टाइन्सबर्गचे भाऊ बोलले, मग मास्तर, मग आणखी पाचसहा जण, ज्यांना पा गेले-संपले समजत होते. पांचा हात माईकवर तसाच राहिला. कारण हजेरी थूनिस घेत होता.

"चला," थूनिस म्हणाला, "म्हाताऱ्याने दुकान बंद केलं. आता एजीसी जागेवर आणा आणि कान पुसून घ्या."

कोणीतरी धापा टाकत, घशातून फ्रीजसारखी घरघर काढत पांची नक्कल केली. सगळे हसले. थूनिसचं हसणं मला वेगळं ओळखू आलं. मग पुढच्या महिन्यातल्या त्यांच्या ब्राईचं, मांस भाजायच्या मेजवानीचं, ठरलं. मांस कोणी आणायचं, लाकडं कोणी. तिसरं वर्ष आहे म्हणून जरा दणक्यात करू, असं मास्तर म्हणाला.

तिसरं वर्ष. पांनी मला लॅपटॉप मिटायला सांगितलं.

त्या दिवशी पा संध्याकाळी झाडांना पाणी घालताना म्हणाले, "घरघर का काढत होते?"

मला शंका होती, पण खात्री हवी होती. दूर नामिबियात, विंडहुकच्या एका हौशी माणसाने आपला रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. दुसऱ्या दिवशीची हजेरी मी तिथून भरून घेतली आणि नंतर पांच्या कानाला लावली.

त्यांचे कान मंदावले होते. स्वतःचा आवाज दबका वाटायचा म्हणून वर्षानुवर्षं ते माईकच्या आवाजाची कळ वाढवत गेले होते. त्यामुळे आवाज फाटून दुप्पट जागा व्यापत होता, आणि दोन शब्दांच्या मधे त्यांचा श्वास, फ्रीज, खिडकीतली कॅनरी, सगळं शब्दांइतकंच मोठं होऊन येत होतं. ऐकणाऱ्यांचा आणखी वेगळा त्रास. रेडिओत एजीसी नावाची आपोआप चालणारी सोय असते. समोरचा जोरात आला की ती रेडिओचा कान झाकते, बारीक आला की उघडते. पांच्या आवाजाने सगळ्यांचे कान असे झाकले जात, की त्यांचं वाक्य संपलं तरी चटकन उघडत नसत. तेवढ्यात रिएट बोलली तर बुडून जायची.

पांनी हेडफोन काढले. "हा मी?"

"दोन मिनिटांचं काम आहे, पा. कळ खाली आणायची आणि—"

"थांब. आज काही हलवू नकोस."

त्याच्या पुढच्या सकाळी त्यांनी तशाच फाटक्या आवाजात हजेरी घेतली. थूनिसची पाळी आली तेव्हा ते सावकाश म्हणाले, "थूनिस, मला एक खरं सांग. माझा आवाज कसा येतो तुझ्याकडे?"

थूनिस क्षणभरही अडखळला नाही. "लॉरेन्स, तुझ्यासारखा आवाज अख्ख्या कारूत नाही. काचेसारखा स्वच्छ."

पांनी त्याचे आभार मानले, हजेरी संपवली आणि मला गाडीची किल्ली आणायला सांगितलं.

हॉफमेयरला आम्ही पोचलो तेव्हा थूनिस अंगणात होता. त्याने मिठी मारली, आत नेलं, कॉफी ठेवली. पा उभेच राहिले. साडेसातला वरच्या जागी काय चालतं ते ऐकलं, एवढंच त्यांनी सांगितलं.

थूनिस खाली बसला. मग तोही तापला. "तुला सांगून बघितलं नव्हतं का? पोर्ट एलिझाबेथवाल्याने एकदा तुझ्या आवाजाचं काढलं, तर तू त्याला हवेवर झाडलंस आणि महिनाभर आला नाहीस. मग बायको गेली तुझी. त्या सकाळशिवाय तुझ्याकडे उरलं काय होतं? मी ती मोडायची होती? रोज सातला तुझ्यासाठी येऊन बसत होतो मी, लॉरेन्स. एक दिवस चुकलो नाही."

"दया केलीस," पा म्हणाले. "समजलं. मग हसलास कशाला?"

थूनिस कॉफीचं भांडं उतरवायला उठला. पांची नजर त्याच्या मागे, उघड्या दारातून रेडिओच्या टेबलाकडे गेली. मीही पाहिलं. राखाडी सेट, डाव्या कोपऱ्यावर पांनी स्वतः बसवलेला पितळी स्क्रू. रिएटसाठी दिलेला. त्याला माईक जोडलेला होता, आणि शेजारी थूनिसचा चष्मा.

"तिला लागलाच नाही," थूनिस म्हणाला. "तिचा चांगला होता. मग तुला परत काय म्हणून देणार?"

पांनी टोपी घातली आणि बाहेर गेले. सेट आणू का, असं मी गाडीत विचारलं. नको म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "बाकीचे हसले, त्यांचं काही नाही, इल्से. त्यांना मी कधी विचारलं नव्हतं."

त्या आठवड्यात रिएटचा फोन आला. कुणाकडून तरी तिला सगळं कळलं होतं. बारीक आवाजाच्या लोकांसाठी थांबायचा लॉरेन्सला कंटाळा आलाय, म्हणून त्यानेच वेगळी हजेरी काढायला सांगितली, असं थूनिसने तिला सांगितलं होतं. ती फोनवर रडली. पांनी तिचीच समजूत घातली.

केपटाउनला निघण्याआधी मी माईकची कळ खाली आणली. विंडहुकवरून ऐकलं, आता फक्त पांचा आवाज होता, थोडा थकलेला, पण शब्द न् शब्द कळत होता. पांनी ऐकलं, बरं आहे म्हणाले, आणि माईकवर कापड टाकलं.

हजेरी त्यांनी पुन्हा घेतली नाही. आता कधी घरी गेले तर सकाळी ते डबीसमोर बसलेले दिसतात, इस्त्रीचा शर्ट घालून. सातला त्यांच्या जुन्या जागी एकच रेघ उमटते. थूनिस त्यांची खूण पुकारतो, थांबतो, पुन्हा पुकारतो. मग म्हणतो, "लॉरेन्स, ऐकतोयस ना?"

पा ऐकत असतात. तो बोलायचा थांबेपर्यंत ते जागचे हलत नाहीत, आणि उत्तर देत नाहीत.