दोन वाजताचं कार्ड

युनियनच्या ऑफिसात माझ्या धाकट्या भावाचा फोटो लावलाय. चांगला मोठा, काचेच्या चौकटीत. खाली रंगाने लिहिलंय, ‘कामावर असताना निधन’. आणि त्याच फोटोखालच्या खुर्चीत बसून आमचा सेक्रेटरी, ज्याला सगळे पुढारी म्हणतात, मला समजावत होता की माझा भाऊ मेला तेव्हा कामावर नव्हताच.

“कागदावर नव्हता, ताई. मी कागदाचं बोलतोय.”

“मग ही खालची ओळ काय आहे?”

“ती श्रद्धांजली आहे. पुरावा नाही.”

कागद म्हणजे भावाचं पंचिंगचं कार्ड. आम्ही दोघं हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत कामाला. मी घड्या घालायला, तो इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर. पाळी दोनला सुटते. दाराशी पंचिंग मशीन एकच आणि माणसं चाळीस, म्हणून आमची वर्षानुवर्षांची पद्धत अशी, की रांगेत पुढे असेल त्याने स्वतःबरोबर आणखी दोन-चार जणांची कार्डं उरकायची. तेवढ्यात बाकीचे हातपाय धुऊन घेतात. दोन वाजून पाच मिनिटांच्या पुढे पंच झालं की ‘ओव्हरटाइम लाटतोस काय’ म्हणून सुपरवायझर खेकसतो, तेही वाचतं. भावाचं कार्ड नेहमी मीच घालायची. लहानपणी त्याच्या बुटांच्या नाड्या मीच बांधायची, त्यातलंच हे.

त्या दिवशीही घातलं. दोन वाजून एक मिनिट. तो मात्र आतच होता. रोलरमध्ये चादर अडकली होती आणि सुपरवायझर त्याला म्हणाला होता, “तेवढी काढून जा, दहा मिनिटांचं काम आहे.” वीस मिनिटांनी तो रोलरपाशी पडलेला सापडला. शॉक बसला होता. मी तेव्हा बसस्टॉपवर उभी राहून त्याची वाट बघत होते आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते, की या माणसाला जन्मात कधी वेळेवर येणं जमणार नाही.

आमच्या फंडाचा नियम सरळ आहे. कामावर मेलात तर घरच्यांना पाच वर्षांचा पगार. बाहेर मेलात तर फक्त अंत्यविधीचा खर्च. फंड अर्धा कंपनीचा, अर्धा आमच्या वर्गणीचा. कार्ड म्हणत होतं, हा दोनलाच बाहेर पडला. सुपरवायझरने हात वर केले. म्हणाला, मी काहीच सांगितलं नव्हतं, परत आत कशाला तडमडला होता कुणास ठाऊक.

“मी सांगते कार्ड कुणी घातलं ते,” मी पुढाऱ्याला म्हणाले.

त्याने उठून दार लावून घेतलं. “सांग. तुझी नोकरी जाईल ती जाईलच. वर कंपनी सगळ्यांची जुनी कार्डं काढून बसेल. चाळीस घरांचा प्रश्न आहे, ताई. तू गप्प रहा, मी दुसऱ्या मार्गाने बघतो.”

मी गप्प राहिले. चाळीस घरांचं नाव आपलं सांगायला. खरं म्हणजे मला माझ्या एका घराची भीती वाटली. भाऊ गेल्यावर भावजय आणि तिची पाच वर्षांची पोर माझ्याच पगारावर होत्या. पण भीती ती भीतीच. मी तिला दुसरं नाव देणार नाही.

एरवी माझ्या तोंडाला कुलूप नाही. भाजीवाल्यापासून मॅनेजरपर्यंत मी कुणाची भीड ठेवत नाही. घरात मात्र दोन महिने मिठाची गुळणी धरून बसले. कामावरून आले की भावजय हातात चहा देऊन विचारायची, “ताई, दाव्याचं काही कळलं का?” मी म्हणायची, “बघतायत.” पुढे ती काही विचारायची नाही, कप घेऊन आत जायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मग एका मंगळवारपासून तिने विचारणंच सोडलं. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शुक्रवारी मी आपणहून म्हणाले, “अजून काही कळलं नाही गं.” तर ती म्हणाली, “असू दे हो ताई. तुम्ही आधी जेवून घ्या.” मी दोन घास खाऊन ताट सरकवलं. मला वाटलं, ही हरली. माझ्यामुळे हरली.

शनिवारी युनियनची महिन्याची सभा होती. फंडाचे विषय असले की कंपनीचा लेबर ऑफिसरही येऊन बसतो, तसा तो बसला होता. भावाच्या दाव्याचा विषय आला तसा पुढारी घाईघाईने म्हणाला, “हा विषय मिटलेला आहे. पुढचा घेऊ.”

माझं डोकंच फिरलं. माणूस दोन महिन्यांत मिटवून टाकला यांनी. मी उभी राहिले.

“ताई, खाली बस,” पुढारी म्हणाला. “मी नंतर सांगतो तुला सगळं.”

“दोन महिने तुझंच ऐकलं. आता तू माझं ऐक.”

तो खुर्चीतून अर्धा उठून हाताने खाली बस, खाली बस करत राहिला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता, आणि मला त्याचा आनंद झाला. मी सगळं सांगितलं. कार्ड मी घातलं. तो आतच होता. त्याला सुपरवायझरने थांबवलं होतं.

लेबर ऑफिसरने शांतपणे पेनाचं टोपण काढलं. “तुम्ही स्वतः घातलंत?”

“मी स्वतः.”

“आणखी कुणी पाहिलं?”

माझ्यामागे रांगेत रोज उभा असतो तो बॉयलरवाला समोरच बसला होता. त्याचं कार्डही त्या दिवशी मीच घातलं होतं. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसला. सगळेच कुठे ना कुठे खाली बघत होते. भिंतीवरचा माझा भाऊ तेवढा समोर बघत होता.

घरी गेले तर भावजय तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. कार्डाचं, सभेचं, सगळं. सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं, तेही कबूल करते.

तिने ताट बाजूला ठेवलं. “कार्ड तुम्ही घातलंत ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ताई. हे रोज सांगायचे, ताई असताना मला घाई कसली.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तुम्ही नीट जेवतसुद्धा नव्हतात.” मग ती तांदळाकडे बघत म्हणाली, “मी मंगळवारी सही करून आले.”

पुढाऱ्याने तिला बोलावून घेतलं होतं. म्हणे, दावा ओढत राहिलीस तर कार्ड कुणी घातलं याची चौकशी लागेल आणि नणंदेची नोकरी जाईल. त्यापेक्षा अंत्यविधीचा खर्च घे, आणखी मागणी नाही असं लिहून दे. नणंदेची नोकरी राहील, आणि लाँड्रीत पहिली जागा रिकामी झाली की ती तुला. ताईला सभा होईपर्यंत सांगू नकोस, ती भडकेल.

“तुमची नोकरी तरी राहू दे म्हटलं,” ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. भाऊ गेल्यावर मी तिला पहिल्यांदाच असं रडताना पाहिलं. मला रडूही आलं नाही. मला फक्त पुढाऱ्याचा तो खाली-वर होणारा हात दिसत होता.

भावजयीची सही झालेली, म्हणून दावा मिटलेलाच राहिला. मला काढल्याचं पत्र मात्र आठ दिवसांत आलं. कार्डाबद्दल एकटीचीच कबुली होती, म्हणून एकटीलाच काढलं. चाळीस घरं शाबूत राहिली. पुढारी शब्दाला जागला, हे मात्र म्हणायला हवं. पुढच्याच महिन्यात भावजयीला पत्र आलं. घड्या घालण्याच्या टेबलावर एक जागा रिकामी झाली होती.

आता पोरीला शाळेत सोडायचं, आणायचं काम माझ्याकडे. पहिल्या दिवशी भावजय तयार होऊन दाराशी घुटमळली. “ताई, ते कार्ड कसं घालायचं असतं?”

मी तिला दाखवलं. नाव आपल्याकडे धरायचं, सरळ आत सोडायचं, खट आवाज आला की काढायचं.

“कुणी म्हणालं माझंही घाल, तर?”

“घालू नकोस,” मी म्हणाले. “कितीही आपलं माणूस असलं तरी.”

ती गेली. दोन वाजले की अजून माझा हात आपोआप उचलला जातो.