कोमट

कुसुमताईंनी गॅसवरचं पातेलं उतरवून पाणी घमेल्यात ओतलं आणि कोमट आहे का ते पाहायला आपलाच पाय त्यात ठेवला. कामावरून येऊन त्यांनी अजून साडीही बदलली नव्हती. तळवड्याच्या शेडमध्ये दिवसभर उभ्यानं पॅकिंग. भिंतीला टेकून त्या जरा वेळ डोळे मिटून तशाच उभ्या राहिल्या.

पाणी महाडकडच्या झऱ्याचं होतं. त्यांचा भाऊ कुलदीप चाकणहून टेम्पो घेऊन कोकणात जायचा, येताना कॅन भरून आणायचा. त्यातल्या क्षारांनी शिरांची सूज उतरते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. कुसुमताईंच्या नवऱ्याची, ज्योतीरामांची साखर जुनी. आता तिनं पायांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणली होती.

"पाणी प्यायचं तर प्या," डॉक्टर म्हणाले होते. "पण गोळ्या चुकवू नका, आणि पाय गरम पाण्यात बुडवू नका. उद्या भाजलं तरी कळायचं नाही."

म्हणून कुसुमताई पाणी फक्त कोमट करायच्या. एवढंच त्यांच्या हातात होतं.

"या, ठेवा पाय."

ज्योतीराम खुर्चीत पुढे सरकले. पाय टेकवला आणि झटक्यानं वर घेतला.

"अगं, केवढं कढत आहे!"

"काहीतरीच. मी मघापासून उभी आहे ना त्यात."

ज्योतीरामांनी वाकून पाण्यात बोट घातलं, लगेच काढलं.

"कुसुम, पाय काढ."

"अहो, पण..."

"आधी पाय काढ."

पाय घोट्यापर्यंत लाल झाला होता. बोटांच्या मागची कातडी फुगून आली होती.

"दुखत नाही हो," त्या म्हणाल्या. "खरंच, काहीच होत नाहीये."

ज्योतीरामांनी बादली भरून आणली. खुर्चीचा हात धरत कसेबसे फरशीवर बसले, कुसुमताईंचा पाय मांडीवर घेतला आणि तांब्यानं गार पाणी सोडत राहिले. पँट भिजली.

"कधीपासून कळत नाही?"

"कुणाला ठाऊक," कुसुमताई म्हणाल्या. "बघायला वेळ कुठं होता?"

सकाळी दवाखान्यातल्या मुलीनं दोघांना दारातच ओळखलं.

"या काका, बसा. काकू, फाईल द्या."

ज्योतीराम बसले नाहीत. कुसुमताईंच्या खांद्यावरची पिशवी त्यांनी काढून आपल्याकडे घेतली.

"आज काकूंना दाखवायचंय," ते म्हणाले. "मी सोबत आलोय."