घरगुती कारणास्तव

देवजीचं पत्र आलं नव्व्याण्णव साली, आणि कुंडलिकरावांनी त्याला उत्तर दिलं नाही. कोणाकडून तरी लिहून घेतलेल्या चारच ओळी होत्या. नोकरी मी सोडली नाही, कंपनीनं काढलं, एवढं तुमच्या हातानं लिहून द्या; घरात कोणाला खरं वाटत नाही.

मुरबाडला पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात कुंडलिकराव हजेरी कारकून होते. अक्षर छापल्यासारखं. रजेचा अर्ज असो की शाळेचा, कामगार त्यांच्याकडून लिहून घ्यायचे आणि न वाचता खाली सही करायचे. मॅनेजरला हे ठाऊक होतं. नऊ माणसं कमी करायची होती. रीतसर कपात म्हणजे नोटीस, यादी, भरपाई. त्यापेक्षा राजीनामे सोपे. कुंडलिकरावांनी एका दुपारी नऊ वेळा ‘घरगुती कारणास्तव’ लिहिलं. देवजी सही करताना हसून म्हणाला होता, “तुमी लिवलंय ना, मंग बरोबरच आसंल.”

पत्र त्यांनी शब्दकोशात ठेवलं. उत्तराचे मसुदे केले, पण कुठला शब्द धड वाटेना, पुन्हा लिहायला घेतलं की धीर जाई. आधी नोकरीची भीती होती. निवृत्त होऊन शहापूरला आल्यावर भीती गेली, लाज राहिली.

दोन हजार सात साली शहापूरच्या बाजारात वालाच्या शेंगा घेताना विकणारीनं त्यांना ओळखलं. ती देवजीची बायको, सकुबाई. लग्नानंतर दसऱ्याच्या पूजेला कारखान्यात आली होती.

“हजेरीवालं काका ना तुमी? मंग सांगा, ह्यांनी नोकरी का सोडली?”

राजीनाम्याच्या कागदावर काय होतं, असं कुंडलिकरावांनी उलट विचारलं. विचारताना स्वतःचीच किळस आली.

“घरगुती कारण. घरी आलेली नक्कल दिरानं समद्यांम्होरं वाचली. घरात नवी आलेली मीच. सासू मरंस्तोवर म्हनली, हिनंच त्याला घरी बसवला.” ती शेंगा तोलत हसली. “मी तं ह्यांना भात लावाय बी बोलावलं नव्हतं.”

मग आवाज खाली आणून म्हणाली, “हे म्हनतात कंपनीनं काढला. पन मला वाटतं, माझ्यावरचा बोल काढाय सांगतात.”

कुंडलिकराव शेंगा तिथंच विसरून घरी आले आणि शब्दकोश उघडला.

‘राजीनाम्याचा मजकूर देवजीचा नव्हता,’ त्यांनी लिहिलं. ‘कंपनीनं नऊ माणसं कमी केली, त्यात तो होता. त्यानं नोकरी सोडली नाही. मॅनेजरनं सांगितलं म्हणून ते कारण लिहिलं गेलं.’

इथं ते थांबले. ‘लिहिलं गेलं’ खोडून वर ‘मी लिहिलं’ असं केलं. पुढं घातलं, ‘त्याला वाचून दाखवलं नाही. तुमच्या घरात काही घडलं नव्हतं.’ खाली सही, आणि सहीखाली जुना हुद्दा.

खाडाखोड डोळ्यांना खुपत होती. सवयीनं त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. आजवरची सगळी उत्तरं पुन्हा नीट लिहून काढतानाच राहून गेली होती, हे आठवलं तसा त्यांनी कागद बाजूला सारला.

पाकिटावर देवजीच्या आधी सकुबाईचं नाव घातलं, त्याखाली तानसाजवळचं गाव. तीनचं टपाल उचलायच्या आत ते पोस्टात पोचले, आणि खोडलेल्या ओळीसकट पत्र पेटीत टाकलं.