पाखराच्या जागी

कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरे, तेव्हा लटारूभाऊंची दंडार असायची. नाच असे, सोंगं असत, पण लोक बसायचे ते लटारूभाऊंच्या गाण्यांसाठी. गाणी त्यांनीच रचलेली, कुठे लिहिलेली नव्हती. चोपन्न साली त्यांच्या गळ्याला दुखणं लागलं. चांद्याचे डॉक्टर म्हणाले, जीव राहील, आवाज राहणार नाही.

आवाज गेला तसे ते अंगणात रस्त्याकडे पाठ करून बसू लागले. गाणी आपल्यासोबतच जाणार, हे त्यांना खात होतं. मग त्यांच्या बायकोनं, रंभाबाईंनी, रस्त्याकडची भिंत सारवली आणि गेरू, चुना, कोळसा घेऊन गाणी रंगवायला घेतली. त्यांना अक्षरओळख नव्हती. ढोलकीच्या ठिकाणी त्यांनी पाण्यावर उठतात तशी वर्तुळं काढली. वाट पाहण्याच्या कडव्याला रिकामं सूप. मंडईत ऐकून मुलांना गाणी अर्धीमुर्धी येत होती, म्हणून मी, त्यांचा मास्तर, शाळा सुटल्यावर त्यांना तिथे नेऊ लागलो. भिंतीवर बोट ठेवत मुलं म्हणत. चुकलं की लटारूभाऊ काठी आपटत आणि हसत.

शेवटचं गाणं सावरीवरून उडून गेलेल्या पाखराचं. रंभाबाईंनी सावर काढली, पानं नसलेली, लाल फुलांची. वर मात्र चुन्यानं एक लहान मूल काढलं.

"काकी, गाण्यात त पाखरू हाय," माझ्या शाळेतली मंगली म्हणाली. "तुमी लेकरू काऊन काढलं?"

मुलं हसली.

"लेकरूच हाय, माय. इतके साल मी तेच आयकून राह्यली."

सगळ्यांनी लटारूभाऊंकडे पाहिलं. काठी आपटली नाही. त्यांची एकुलती लेक मनकर्णा लहानपणीच देवीच्या साथीत गेली होती, आणि हे गाणं त्याच वर्षीचं.

रंभाबाई ओशाळल्या. मूल पुसायला त्यांनी ओलं फडकं उचललं, तेव्हा लटारूभाऊ उठले आणि त्यांनी तो हात धरला. गळ्यातून नुसती हवा येत होती. शब्द जुळायला वेळ लागला.

"पयले लेकरूच होतं. मंडईत तोंडातून निंघे नाई. म्हून पाखरू केलं."

रंभाबाईंनी फडकं खाली ठेवलं.

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

लटारूभाऊंनी धरलेला हात सोडला नाही. मी मंगलीला खूण केली. तिनं कडवं पुन्हा म्हटलं, पाखराच्या जागी लेकरू घालून. दोघं भिंतीशी बसून ऐकत होती. वाटीतला चुना सुकत चालला होता.