बहुतेक शुक्रवारी

बाबा घड्याळं दुरुस्त करतात. प्रत्येक पावतीवर लिहितात, ‘बहुतेक शुक्रवारी’. त्या ‘बहुतेक’ने माझं डोकं उठायचं.

“ठाम वार सांगायला काय जातं तुमचं?”

“अगं, घड्याळ अजून उघडलं कुठे आहे?”

यंदा त्यांचा उजवा डोळाच अधू झाला. पहिल्या डॉक्टरांनी कागद चाळले न चाळले आणि म्हणाले, “ऑपरेशन करू. शंभर टक्के दिसेल.” बाबांनी चपला घातल्या.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी भिंगातून पंधरा मिनिटं डोळा तपासला. मी विचारलं, “घड्याळं पुन्हा जमतील ना?”

“बहुतेक,” त्या म्हणाल्या.

मी उठायला लागले. बाबांनी मात्र खिशातलं कामाचं भिंग काढून माझ्या हातात दिलं.

“सांभाळ. डोळा यांच्याकडेच दुरुस्तीला टाकू.”