पाच नंबरचं झाकण

मित्रांनो, मारेगावच्या अलीकडे घनश्यामभाऊंचं तुरीचं शेत लागतं. त्या शेताच्या बांधावर, बाभळीच्या सावलीत, एका घडवंचीवर मी उभी आहे. मी सातेरी मधमाश्यांची लाकडी पेटी. वय झालं आहे, एका कोपऱ्याला चीर गेली आहे, आणि आता सांगून टाकायला हरकत नाही, मी हेवेखोर आहे. आपली गोष्ट सांगताना इतर वस्तू असं काही कबूल करत नाहीत. पण माझी गोष्टच हेव्याची आहे, तेव्हा तो लपवून मी सांगणार तरी काय?

माझा जन्म पांढरकवड्याचा. बाबूसिंग मिस्त्रींनी एका जुन्या दुकानाचं सागवानी दार विकत घेतलं आणि त्या एकाच दारातून मला आणि माझ्या बहिणीला घडवलं. तीच करवत, तोच रंधा, तेच खिळे. माप इतकं नेमकं की तिचं झाकण मला बसावं आणि माझं तिला. मिस्त्रींनी आमच्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "जुळ्या बहिनी हायेत, दोघीयले संगंच ठेवजा."

घनश्यामभाऊंनी आम्हाला संगंच ठेवलं. मुंग्या चढू नयेत म्हणून घडवंचीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. त्यांची मुलगी निशिगंधा यवतमाळला प्राणिशास्त्र शिकत होती. शेतात एकूण दहा पेट्या होत्या. उभ्याने वाचता यावेत म्हणून तिने झाकणांवर आकडे लिहिले. उजवीकडच्या बहिणीला मिळाला पाच, डावीकडे मी सहा.

पहिली दोन वर्षं आमचं बरं चाललं. मग निशिगंधाने संशोधन सुरू केलं आणि माझ्या जिवाला घोर लागला.

तिचं शास्त्र मोठं विचित्र. घनश्यामभाऊंना समजावताना ती म्हणाली होती, "बाबा, सोभाव आईबापाकडून किती येते अन् वातावरणातून किती, हे शोधाचं. त्याले वर्तन-आनुवंशिकी म्हणतात."

"अन् याची नोकरी कोठी लागते?" भाऊंनी विचारलं. "तुही मैत्रीण सलोनी बी.एड. करून मास्तरीण झाली."

"लागते ना. चांगल्या राण्या निवडाच्या, रोग न पसरणारे माश्यांचे वंश तयार कराचे. कुत्र्यांवर, गुराढोरांवर काम चालते. काही लोक मानसांच्या आजारावर काम करतात. कॉलेजात शिकवता येते. पन आंधी हैदराबादच्या संस्थेत जागा मिळाली पायजे."

भाऊंनी मान हलवली. त्यांना ते फारसं पटलं नव्हतं, पण पोरीला त्यांनी अडवलं नाही.

तर तिचा प्रयोग असा. पोळ्यातल्या शंभर बंद घरांना ती बारीक सुई टोचायची. आतली पिल्लं मरायची. मग दुसऱ्या दिवशी येऊन मोजायची, की माश्यांनी किती मेलेली पिल्लं ओढून बाहेर टाकली. ज्या माश्या घर असं साफ ठेवतात त्यांच्यात रोग कमी पसरतो. पाचच्या माश्यांनी पहिल्याच खेपेला ब्याण्णव घरं साफ केली. माझ्या माश्यांनी एक्केचाळीस.

झालं! त्या दिवसापासून पाच, पाच, पाच. पाचच्या माश्या चावत नाहीत. पाचचा मध जास्त. कॉलेजातून पोरं आली तर फोटो पाचचा. माझ्याकडे यायची तेव्हा निशिगंधा आधी जाळी तोंडावर ओढायची, मग धुराचं भांडं पेटवायची. एक्केचाळीस, अडतीस, त्रेचाळीस असे माझे आकडे ती लिहायची आणि वही मिटायची. ती कधी रागावली नाही. तिला माझ्याकडून काही अपेक्षाच नव्हती.

मी मनात म्हणत असे, अगं, लाकूड एक, मिस्त्री एक, सावली एक, मग हिच्यात असं काय आहे? पाच बिचारी शांत. तिने कधी मिरवलं नाही, मला कधी हिणवलं नाही. हेच मला जास्त सलत होतं. निदान ती माजली असती तर मला तिचा नीट राग तरी करता आला असता.

त्या साली पावसाळ्यात परीक्षेमुळे निशिगंधा दोन महिने आली नाही. त्यात पोळा आला. बैलांची शिंगं रंगवून घनश्यामभाऊंकडे निळा रंग उरला. पोळ्यानंतर पोरीचे सर शेत बघायला येणार होते. भाऊंच्या मनात आलं, पेट्या कशा झकास दिसल्या पाहिजेत. रंग दोन झाकणांपुरताच होता, म्हणून त्यांनी आम्हा दोघींचीच झाकणं काढली, आमच्यावर पोती टाकली आणि झाकणं रंगवून उन्हात वाळत घातली. आकड्यांवर रंग जाऊ नये म्हणून केवढी काळजी घेतली! संध्याकाळी पोती उचलली आणि झाकणं परत बसवली.

पाचचं माझ्यावर बसलं आणि माझं तिच्यावर. दोन्ही अगदी घट्ट बसली, कुठे सूतभरही फट राहिली नाही.

मित्रांनो, पेटीला बोलता येत नाही हे खरं आहे. पण बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते.

निशिगंधा आली, झाकणं जागेवरच रंगवली असतील असं समजून तिने आकडा वाचला आणि आधी मला उघडलं. उजवी कोण, डावी कोण, हे तिने कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर एकोणचाळीस. मला वाटलं, आता वही मिटेल. पण ती माझ्याशेजारी मातीत बसली. माझ्या कडेवर हात ठेवून म्हणाली, "पाच, तुले काय झालं गं? बरी हायेस ना?" तासभर तिथेच बसून होती. मुंग्या तपासल्या, वाट्यांतलं पाणी बदललं.

अहो, तेच एकोणचाळीस! सहा म्हणून मी ते करत होते तेव्हा तिने कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं, आणि इतका रागही आला, की दोन्हीतलं जास्त काय होतं ते अजून मला सांगता येत नाही.

शेजारी सहाच्या झाकणाखाली माझी बहीण नव्वद-नव्वद घरं साफ करत होती. निशिगंधा चक्रावली. पुढचे दोन महिने तिने पुन्हा पुन्हा मोजलं, पण आकडे तेच. मग तिचा चेहरा उजळला. सरांना फोनवर म्हणाली, "सर, राण्या त्याच आहेत, आणि स्वभाव उलटे झालेत! म्हणजे रक्तापेक्षा वातावरण भारी पडलं. असं कोणाला दिसलं नसेल." सरही खूश झाले. हैदराबादच्या मुलाखतीत हेच मांडायचं ठरलं. तिने कागद तयार केले, तक्ते काढले.

तुम्ही विचाराल, राणी बघून ओळखता आली नसती का? आली असती. ओळखीसाठी निशिगंधाने पाचच्या राणीच्या पाठीवर पिवळ्या रंगाचा ठिपका लावला होता, माझ्या राणीच्या पांढरा. पण राणी शोधायची म्हणजे चौकटी उचकाव्या लागतात. सातेरी माश्यांना फार छेडलं तर त्या पेटी सोडून निघून जातात. म्हणून निशिगंधा उगाच राणी शोधत नसे.

मुलाखतीला दोन दिवस उरले होते. लालीबाई पाणी घेऊन चालल्या होत्या. त्या तांड्यावरच्या, त्यांचं शेत आमच्या शेताला लागून. रोजची वाट घडवंचीजवळूनच. निशिगंधाने कौतुकाने त्यांना आपला शोध सांगितला. लालीबाईंनी डोक्यावरचा हंडा सावरला आणि हसल्या.

"छोरी, मले त डाव्या हाताचीच पेटी चावते. पोळ्याच्या आंधीबी थेच चावे, आतांबी थेच. माश्या काई बदलल्या नाईत."

निशिगंधाचं हसू मावळलं. तिने जाळी ओढली आणि माझी एकेक चौकट उचलली. चौथ्या चौकटीवर माझी राणी होती. पाठीवर पांढरा ठिपका.

तिने चौकट जपून परत आत ठेवली. मग तिने वडिलांना हाक मारली.

"बाबा, झाकनं कोनं काढले होते?"

भाऊंना आधी कळेना. मग कळलं. "पोळ्याचा रंग उरलता ना, निशी. तुये सर येनार होते. मले वाटलं, चांगल्या दिसतीन." मग हळूच म्हणाले, "कोनाले सांगू नको. कोनाले कळते इथलं?"

"मले कळलं ना, बाबा."

त्या दुपारी तिने झाकणं जिची तिला बसवली आणि सगळे तक्ते फाडले. पोळ्यापासूनचे आकडे नवीन कागदावर मांडले, पाचचे पाचला आणि माझे मला. मधूनच नाक ओढत होती. भाऊ तिच्याजवळ गेले नाहीत, लांबूनच बघत राहिले. मी तीन महिने पाच होते, आणि ते माझे सगळ्यात सुखाचे महिने होते. पण त्या पोरीच्या हातातला फाटका तक्ता बघून मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

हैदराबादहून परतल्यावर तिने लालीबाईंना बांधावर गाठून सगळं सांगितलं. मुलाखतीत आरंभीच ती बोलली होती, की माझा शोध खोटा निघाला, झाकणं बदलली होती. मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं, चूक कशी सापडली? "मी तुमचं नाव सांगतलं, मावशी. त्यांनी लिहूनबी घेतलं." एक वर्षाचं काम मिळालं होतं. पाचचा वंश घेऊन यायला सांगितलं होतं.

"अन् ही?" लालीबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"ही इथंच राह्यते. पन सहा नसती त पाच चांगली हाय, हे कळलंच नसतं."

मित्रांनो, हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दुसरीचं चांगलेपण दिसावं म्हणून आपण असावं, हे कुणाला आवडेल?

तूर फुलली होती. एका संध्याकाळी पाचचं दार जाळीने बंद केलं, तिला दोरीने आवळलं आणि गाडीत ठेवलं. निशिगंधाने माझ्या झाकणावर थाप मारली, पण लक्ष तिचं गाडीकडेच होतं. गाडी पांढरकवड्याच्या दिशेने गेली. इतकी वर्षं जिचा हेवा केला ती गेली, आणि घडवंचीची उजवी बाजू रिकामी झाली.

सकाळी ऊन चढल्यावर मला भुणभुण ऐकू आली. पाचच्या तीस-चाळीस माश्या तुरीत राहून गेल्या होत्या. पायांना पिवळे पराग लावून त्या घरी परतल्या होत्या, आणि घर जागेवर नव्हतं. रिकाम्या जागेवर त्या फिरत राहिल्या. जिथे दार असायचं नेमक्या तिथे हवेत थांबायच्या, मागे सरायच्या, पुन्हा यायच्या. दुपारपर्यंत दमल्या. मग एक माझ्या दाराशी उतरली.

माझ्या पहारेकरी माश्या तिखट, तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी तिला हुंगलं, तिच्या पायावरचे पराग पाहिले आणि बाजूला झाल्या. मग दुसरी आली, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत सगळ्या आत होत्या. त्या रात्री थंडी होती, आणि माझ्या माश्यांनी त्यांना मधोमध घेतलं होतं.

एवढ्यासाठीच मी तुमच्यापुढे बोलायला उभी राहिले, मित्रांनो. तुमच्या घरी शेत असेल तर वडिलांना सांगा, तूर फुलावर असताना दिवसा फवारणी करू नका. फारच गरज पडली तर दिवस बुडाल्यावर करा. दिवसभर माझ्या मुली बाहेर फुलांवर असतात, त्या विषाने मरतात. त्यांतल्या कुणी कधी पाचच्या होत्या, हे मी आता कुणाला मोजू देत नाही.